वरच्या शेताचे पाणी

दिनांक १२ मार्च २०२४, वार मंगळवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. स्थळ रायपूर, शंकर नगर, वास्तुरचनाकार प्रल्हाद घाटोळे यांच्या कचेरीचे मागचे आवार. त्या दिवशी, त्या वेळी आणि त्या ठिकाणी हौदातले पाणी आदल्या सकाळपेक्षा चौदा मिलिमीटरांनी उतरलेले होते आणि हौदाच्या कठड्यावर ठेवलेल्या परातीतले सहा. प्रल्हादरावांनी पोलादी पट्टी पुसली, चष्मा पुसला आणि पट्टी पुन्हा बुडवली. पट्टीने आपले मत बदलले नाही.

परातीतले पाणी उन्हाने जात होते, हे उघड होते. हौदालाही तेच ऊन होते. मग हौदातले आठ मिलिमीटर अधिक कुठे जात होते? तेही ठाऊक होते. हौदाच्या एका बाजूला उभ्या असलेल्या मातीच्या भिंतीच्या पायथ्यातून एक पाइप बाहेर आला होता आणि त्याच्या तोंडाशी ठेवलेल्या बादलीत ते थेंब थेंब पडत होते. त्या आवाजाने पाचव्याच दिवशी इतके भंडावून सोडले, की प्रल्हादरावांनी बादलीत पोत्याचा तुकडा टाकला. आवाज थांबला, थेंब थांबले नाहीत. मनाची तगमग तर मुळीच थांबली नाही.

हा खटाटोप कशासाठी, ते सांगितले पाहिजे. उत्तरेकडच्या डोंगरांत सेमरपानी नावाचे एक गाव आहे. तिथल्या लोकांनी उतारावर पायऱ्या कोरून धानाची शेते केली आहेत. गावात सपाट जमीन म्हणजे शेताचीच. घर बांधायचे तर शेत खर्ची पडते. या गावासाठी अडतीस घरे मंजूर झाली होती. सरकारी खात्यापाशी सिमेंटच्या घराचा तयार नकाशा होता, पण तो डोंगरावर बसवायचा म्हणजे यंत्र लावून शेतांच्या तीन पायऱ्या सपाट करणे भाग होते. प्रल्हादरावांनी खात्यापुढे आपला आराखडा ठेवला. घर मातीचे, आणि त्याची पाठ वरच्या शेताच्या बांधाला टेकलेली. वरची पायरी हीच घराची मागची बाजू. शेताची वीतभरही जमीन वाया जायची नाही.

अडचण एकच होती. वरच्या शेतात चार महिने पाणी उभे, आणि त्याला खेटून मातीची भिंत. ती ओल धरणार आणि बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळावे. म्हणून प्रल्हादरावांनी भिंत आणि बांध यांच्यामध्ये गिट्टीचा, म्हणजे खडीचा, उभा थर घातला आणि तळाशी भोके पाडलेला पाइप. पाझर गिट्टीत उतरावा आणि पाइपाने घरापुढच्या अंगणाकडे निघून जावा. हे कागदावर लिहून स्वस्थ बसणारा हा माणूस नव्हे. रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरशी पट्टा कसा गुंडाळला यावरून वाद घालून रक्तदाब वाढवून घेणारा हा माणूस. त्यांनी कचेरीमागे पूर्ण उंचीची भिंत उभी केली. तिच्यासाठी पिवळी मटासी माती आणवली, पैऱ्याच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, काड्या घालून आठ दिवस तुडवून घेतली, आणि भिंतीमागे हौद बांधून त्यात शेतासारखा चिखल आणि चिखलावर वीतभर पाणी उभे केले. अठरा दिवस झाले. भिंत पापडासारखी कोरडी होती.

सव्वीस वर्षे हा गृहस्थ मातीच्या घरांची महती सांगत आला होता. लोकांनी ती कीर्तनासारखी ऐकली, माना डोलावल्या, आणि घरी जाऊन सिमेंटच्या गोण्या मागवल्या. आता प्रथमच कोणी सही करायला निघाले होते. गुरुवारी खात्याच्या अधिकारी बाई येणार होत्या आणि गावाच्या वतीने एक बाई येणार होती. दोघींनी भिंत पाहून होकार दिला, की काम सुरू. निवडणुकीची आचारसंहिता आज लागते की उद्या, असे झाले होते. ती लागण्यापूर्वी सही झाली नाही, तर गोष्ट जूनवर गेली. जूनमध्ये पाऊस, पावसात मातीचे काम नाही. मग खाते आपले यंत्र घेऊन जाणार आणि सिमेंट ओतणार.

प्रल्हादरावांचा अहवाल एकशे बारा पानांचा होता. भिंतीतल्या ओलीचे सहा तक्ते त्यात होते. आठ मिलिमीटरांचे वाक्य त्यात नव्हते. खात्याने भिंतीविषयी विचारले होते, हौदाविषयी नव्हे. जे विचारलेच नाही ते न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे, असा बिनतोड युक्तिवाद त्यांनी स्वतःशी केला होता. दिवसातून चार वेळा ते तो वाद जिंकत होते, आणि जिंकून झाले की पुन्हा पट्टी घेऊन हौदापाशी जात होते.

बुधवारी सकाळी त्यांचा भागीदार पराग याने त्यांना तिथेच गाठले. पराग त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. नागपूरकडचा, हसरा आणि कामाला वाघ.

"दादा, तुम्ही रोज येऊन त्या पाण्यात काय पाहून राहिले? भिंत पाहा नं! कशी कडक आहे."

"भिंत पाहिली. पाणी कुठे जाते, ते पाहून राहिलो."

"कुठे म्हणजे? पाइपातून बाल्टीत. आपणच लावला नं पाइप?"

"अन् बाल्टीत यायच्या आधी ते कोणाचे होते?"

"हौदाचं!" पराग हसला. "हौद आपला, पाणी नगर निगमचं, बाल्टी झाडूवाल्या विनोदिनीबाईची. आता कोणाकोणाची परवानगी काढा लागते, सांगा."

"थट्टेने प्रश्न सुटत नाही, पराग, तो केवळ पुढे ढकलला जातो."

"झालं. शुद्ध बोलाले लागले म्हणजे रागावले तुम्ही." मग परागचा चेहरा बदलला. "साफ बोलू का? उद्या त्या मॅडमनं सही नाही केली, तर तिथं जेसीबी जाते. तीन पायऱ्या सपाट. मग तुमचे हे आठ मिलिमीटर कोणत्या शेतात मोजाल? शेतच नाही राहणार. अन् कोणी विचारलं का आपल्याले? नाही नं? मग आपण काहून ओढवून घ्यायचं?"

प्रल्हादरावांनी पट्टी पुन्हा पाण्यात बुडवली. वाद न घालण्याचा प्रसंग त्यांच्या आयुष्यात इतका विरळा, की परागही थोडा घाबरला आणि "चाय सांगतो" म्हणून आत निघून गेला.

संध्याकाळी समता कॉलनीतल्या घरी जेवणाचे ताट वाढून झाले, तरी प्रल्हादराव खिडकी ते फ्रिज आणि फ्रिज ते खिडकी अशा येरझारा घालत होते. त्यांची पत्नी कुमुद कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. समोरच्या जिवाची हालचाल बारकाईने पाहण्याची तिला सवय होती.

"बसा बरं एका जागी. मले चक्कर येऊन राहिली तुमाले पाहून."

ते बसले, पुन्हा उठले, उभ्याउभ्याच त्यांनी सगळे सांगितले. पायरी, बांध, गिट्टी, पाइप, चौदा, सहा. घरापुढचे अंगण खालच्याच्या शेतात उतरते. म्हणजे वरच्याचे पाणी रोज अर्धे बोट खालच्याला मिळणार, न मागता.

"मग त्या गावात विचारलं का कोणाले, हे चालते का म्हणून?"

"मी सर्व विचारले आहे. एकशे चौदा प्रश्न होते."

"त्यात हा होता?"

प्रल्हादरावांनी वरणाची वाटी डावीकडून उजवीकडे ठेवली.

"नव्हता," कुमुद म्हणाली. "तर उद्या विचारा. येऊन राहिली नं ती बाई?"

"अन् ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही म्हणाली."

"तुला कळते का, कुमुद? नाही म्हणाली, तर सव्वीस वर्षे पाण्यात. अन् गावाच्या तीन पायऱ्याही गेल्या."

"कळते मले. म्हणून तर सांगून राहिली. आता जेवा. वरण थंड होऊन राहिलं."

वरण थंड झालेच. त्यांनी ते तसेच गिळले, आणि कोणत्या पानावर ते एक वाक्य घालता आले असते याचा विचार करीत हात धुतला.

गुरुवारी सकाळी ते कचेरीत पोचले, तेव्हा आवार झाडून लख्ख झाले होते. हौद काठोकाठ भरलेला होता. परात नव्हती. बादलीही नव्हती. प्रल्हादरावांनी वाकून पाहिले. पाइपाला नवा लांब तुकडा जोडलेला होता, आणि तो भिंतीच्या कडेने जाऊन कुंपणाच्या मेंदीत शिरला होता. दुरून काही दिसत नव्हते. जवळूनही, ज्याला ठाऊक नाही, त्याला दिसले नसते.

पराग फाटकापाशी उभा होता. त्याने यांच्याकडे पाहिले नाही. प्रल्हादरावांनी त्याला हाक मारण्यासाठी तोंड उघडले; तेवढ्यात बाहेर सरकारी गाडी थांबली. त्यांनी तोंड मिटले. मिटले ते भीतीने की सुटकेने, हे त्यांना त्या क्षणी सांगता आले नसते.

अनुश्री भोईटे या अधिकारी बाई वयाने तिशीच्या, मूळच्या साताऱ्याच्या, दीड वर्षापूर्वी रायपुरात आलेल्या. "नमस्कार सर," त्या उतरताउतरताच म्हणाल्या. "अहवाल दोनदा वाचला मी. तळटीपांसकट. इतकं काटेकोर काम आमच्याकडे येत नाही हो."

दुसऱ्या एखाद्या दिवशी या वाक्यावर प्रल्हादराव आठवडाभर जगले असते. त्या दिवशी ते त्यांना काट्यासारखे लागले.

अनुश्रीच्या मागून उतरली ती सेमरपानीची विमला. पन्नाशीची, लहानखुरी, दंडावर हिरवे गोंदण. चौदा तासांचा प्रवास करून ती पहाटे पोचली होती. गावातल्या घरांच्या भिंती घालण्यात तिचा हात धरणारे कोणी नाही, म्हणून गावाने तिला पाठवले होते.

"दीदी, चाय लोगे?" परागने विचारले.

"बाद म," ती म्हणाली, आणि थेट भिंतीपाशी गेली.

तिने भिंतीवर तळहात ठेवला. नखाने खरवडून माती बोटांत चोळली, हुंगली. मुठीने ठोकत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. पायथ्याशी उकिडवी बसली आणि तिथेही हात लावून पाहिला. मग प्रल्हादरावांकडे पाहून तिने मान हलवली.

"माटी बने मताए हव."

माती चांगली मळली आहे. पारंगत कारागिराकडून मिळालेली ती पावती होती. क्षणभर प्रल्हादरावांना वाटले, झाले, आता काही विचारायलाच नको. अनुश्रीने फाइल उघडली, पेनाचे टोपण काढले. पराग खुर्ची घेऊन धावला.

विमला मात्र हौदाच्या पायरीवर चढली होती. भिंत पाहून झाली होती. ती आता पाणी पाहत होती.

"ऊपर म काकर खेत हे?" तिने विचारले. वरचे शेत कोणाचे?

"दीदी, ये तो टंकी है," पराग हसत म्हणाला.

"समझिए," प्रल्हादरावांच्या तोंडून निघून गेले, "आपके पड़ोसी का."

"हव," विमला होकार देत म्हणाली. तिने बाही सारली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. भिंतीलगतचा चिखल बोटभर खचलेला होता; त्या खाचेतून ती बोटे फिरवू लागली. बांधातले खेकड्याचे बीळ शोधताना शेतकऱ्याचा हात असाच फिरतो. एका जागी तो थांबला.

"पानी कहाँ जाथे?"

"धूप में सूखता है, दीदी," पराग म्हणाला. "मार्च है ना."

अनुश्रीने फाइलवरून मान वर केली. "बाष्पीभवन असेल ना, सर?"

प्रश्न सरळ होता. सद्हेतूने विचारलेला होता. आणि त्याचे 'होय' हे उत्तर सहा मिलिमीटरांपुरते खरेही होते. प्रल्हादरावांच्या बुद्धीने तो युक्तिवाद लख्ख मांडून दाखवला. सही होईल. घरे उभी राहतील. तीन पायऱ्या वाचतील. पराग डोळ्यांनी विनवीत होता. एका शब्दाचे काम होते.

"सहा मिलिमीटर बाष्पीभवन," ते म्हणाले. "उरलेले आठ नव्हे."

"म्हणजे?"

ते कुंपणापाशी गेले, वाकले, मेंदीच्या फांद्या दोन्ही हातांनी बाजूला केल्या आणि पाइपाचे तोंड वर उचलले. त्यातून एक थेंब त्यांच्या बुटावर पडला. मग दुसरा. पराग तोंड फिरवून फाटकाकडे पाहू लागला.

"हे रोजचे अर्धे बोट पाणी आहे," ते अनुश्रीला म्हणाले. "वरच्या शेतातले. ते मी अहवालात लिहिले नाही." मग तेच त्यांनी विमलाला हिंदीत सांगितले, एकही शब्द न गाळता.

विमला पायरीवर बसली. ओला हात तिने पदराला पुसला. मग आपल्या बोलीत, सावकाश, लहान मुलाला सांगावे तसे तिने सांगितले. शेताच्या बांधात पाणी सोडण्याची एक वाट असते, तिला मुही म्हणतात. ती फक्त वरचा मालक उघडतो, आपल्या हाताने. खालच्याने त्याच्या दारी जाऊन बसायचे आणि मागायचे. तो कधी देतो, कधी म्हणतो दोन दिवस थांब. थांबायचे. तिचा सख्खा दीर एकदा थांबला नाही, त्याने बांधाला काठीएवढे भोक पाडले. तीन वर्षे गावात कोणी त्याच्या घरी पाणी प्यायले नाही.

"आणि या घरात," ती म्हणाली, "भोक नेहमीच उघडे आहे. माणूस झोपला तरी उघडे."

मग तिने प्रल्हादरावांना विचारले.

"तुम्ही आमच्या गावात आला होतात. आमची घरे पाहिलीत?"

"सगळी. मोजली आहेत."

"बांधाला एक तरी घर चिकटलेले दिसले?"

दिसले नव्हते. प्रत्येक घर आणि बांध यांच्यामध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट होती. त्यांनी ती प्रत्येक घरी मोजली होती. सरासरी दोन फूट तीन इंच. ही फट कशाच्या कामी येते, असे त्यांनी अकरा जणांना विचारले होते, आणि अकराही जणांनी एकच उत्तर दिले होते: कशाच्याच नाही. तेव्हा अहवालात त्यांनी एक रेखीव वाक्य लिहिले होते, की ही जागा निरुपयोगी असून प्रस्तुत आराखड्यात ती खोलीला जोडून घेतली आहे.

"ती कशाच्या कामाची आहे?" त्यांनी आता पुन्हा विचारले.

"कशाच्याच नाही," विमला म्हणाली. "म्हणूनच सोडतो. वरच्याच्या बांधाला आपला हात लागू नये."

अनुश्रीने पेन फाइलवर ठेवले. "सर, पाइप बंद केला तर?"

"भिंत ओल धरेल. तिसऱ्या पावसाळ्यात बसेल."

"मग ती फट सोडून घर थोडं पुढे घ्या."

"पुढे घेतले, की शेतात येते. अडतीसांपैकी जेमतेम पंचवीस घरे बसतील. तो निराळा आराखडा झाला. त्याला निदान तीन महिने लागतील."

"तीन महिने नाहीत हो आपल्याकडे. मी आज कागद पाठवला नाही, तर तिथं ते सिमेंटवालं काम जाणार. मला थांबवता यायचं नाही."

"ठाऊक आहे."

परागला राहवले नाही. तो विमलापुढे येऊन उकिडवा बसला. "दीदी, सुनो. ये नहीं बनेगा तो मशीन आएगी. तीन खेत सपाट. समझे? आधा उंगली पानी बड़ा है, के तीन खेत?"

हा प्रश्न प्रल्हादरावांच्या मनात तीन दिवस घोळत होता. त्यांनी तिच्याकडे पाहिले. याला उत्तर नसेल, असे त्यांना वाटत होते. नसावे, असेही वाटत होते.

विमलाने प्रश्न नीट ऐकून घेतला. मशीन येईल हे तिला नवीन नव्हते. गावात त्याची बैठकही झाली होती. मशीन बाहेरचे आहे, ती म्हणाली. ते आले, तर सगळे गाव मिळून त्याच्यापुढे बसेल; उठवतील की नाही, ते तेव्हा पाहू. पण ही अडतीस घरे झाली, तर पहिल्याच पावसात वरचा खालच्याला चोर म्हणेल, आणि तो चोर नाही असे कोणाला म्हणता येणार नाही. मग मशीनपुढे बसायला कोण कोणाजवळ बसेल?

पराग उठून उभा राहिला. प्रल्हादरावांच्या हातात अजून पाइपच होता. तो कुठे ठेवावा, हे त्यांना कळेना.

विमला पायरीवरून उतरली. जाताजाता तिने भिंतीवर पुन्हा एकदा हात ठेवला आणि काढला. मग अनुश्रीसमोर जाऊन तिने फाइलकडे बोट दाखवले.

"मॅडम, लिख लेव," ती म्हणाली. "ए घर हमर गाँव म नइ बनय."